विमानतळ आधी, माणसं नंतर? सँटा मोनिकाच्या धावपट्टीची अर्धीच सांगितली जाणारी गोष्ट

विमानवेड्या मंडळींमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराचा नगरपालिकेचा विमानतळ शंभर वर्षं जुना, आजूबाजूला शेतं होती तेव्हापासूनचा. पुढे लोकांनी त्याच्या कडेला घरं घेतली आणि मग आवाज होतो म्हणून बोंब ठोकली. नगरपालिकेने मतांसाठी मान डोलावली. २०१७ मध्ये बंद दाराआड एका कागदावर सही झाली आणि आता एका भरभराटीच्या विमानतळाला ३१ डिसेंबर २०२८ नंतर कुलूप लागणार. जागा अर्थातच बिल्डरांच्या घशात. शेवटी ते ठरलेलं वाक्य: विमानतळ आधी होता, माणसं नंतर आली.

मला विमानं आवडतात. ज्या जमिनीवरून डीसी-३ हे गाजलेलं प्रवासी विमान पहिल्यांदा उडालं तिथे उद्या बाकडी आणि झोपाळे असतील, ही कल्पना मलाही सहज पचत नाही. पण हळहळ वेगळी आणि हकीकत वेगळी. या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, आणि खरी मजा उरलेल्या अर्ध्यात आहे. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

विमानतळ आधी होता

होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला इथल्या बार्लीच्या शेतात विमानं उतरू लागली. १९२३ मध्ये या मैदानाला रीतसर नाव मिळालं, क्लोव्हर फील्ड. १९१८ मध्ये फ्रान्समध्ये मरण पावलेल्या ग्रेयर क्लोव्हर या तरुण वैमानिकाच्या स्मरणार्थ. डोनाल्ड डग्लसने १९२२ मध्ये गावातल्याच विल्शायर बुलेव्हार्डवर, एका ओस पडलेल्या चित्रपट स्टुडिओत विमानं बांधायचं दुकान थाटलं होतं. विमानं तिथे बनायची आणि उडायला क्लोव्हर फील्डवर यायची. पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेली अमेरिकन सैन्याची चार डग्लस विमानं १७ मार्च १९२४ ला इथूनच सिअ‍ॅटलकडे गेली. चारांतली दोन ठरलेली वाट पुरी करून सप्टेंबरमध्ये परतली आणि विमानाने पृथ्वीला पहिली प्रदक्षिणा झाली. १९२६ मध्ये शहराने जमीन विकत घेतली, पुढच्या वर्षी नाव झालं सँटा मोनिका म्युनिसिपल एअरपोर्ट. १९२८ मध्ये डग्लस कारखाना धावपट्टीला खेटून उभा राहू लागला. ऑगस्ट १९२९ मध्ये अमेलिया इअरहार्टसह वैमानिक स्त्रियांनी क्लीव्हलंडपर्यंतची शर्यत सुरू केली ती इथूनच. जिंकली मात्र लुईझ थेडन.

इथपर्यंत मजकूर बरोबर. पण पुढचा प्रश्न तो विचारतच नाही: नंतर आलेली ही माणसं कोण होती?

ती बहुतेक डग्लसची माणसं होती. १ जुलै १९३३ ला डग्लसचं डीसी-१ विमान उडालं, १७ डिसेंबर १९३५ ला डीसी-३. कारखान्याला हात कमी पडू लागले. दुसऱ्या महायुद्धात सँटा मोनिकाच्या कारखान्यात कामगारांची संख्या ४०,००० च्या वर गेली. चाळीस हजार माणसं रोज कामावर यायची म्हटल्यावर ती राहणार कुठे? धावपट्टीच्या उत्तरेला आणि पश्चिमेला सनसेट पार्क नावाची वस्ती आहे. तिथल्या एकमजली छोट्या घरांच्या रांगाच्या रांगा कामगारांना कारखाना जवळ पडावा म्हणून उभ्या राहिल्या. त्या घरांतल्या माणसांना इंजिनाचा आवाज म्हणजे पगाराचा आवाज होता. आयत्या विमानतळाशेजारी स्वस्तात घर लाटणारे उपरे हे नव्हेत. विमानतळाने स्वतःच त्यांना हाक मारून बोलावलं होतं.

याच काळातली एक गोष्ट मला फार आवडते. युद्धात जपानी विमानं पॅसिफिक ओलांडून येतील अशी धास्ती होती, म्हणून कारखाना आणि आजूबाजूचा भाग वरून दिसू नये अशी सोय केली गेली. खांबांवर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी ताणली, तिच्यावर गोणपाट, रंग आणि खोटी झाडं बसवली, लाकूड आणि कापडाची खोटी घरं उभी केली. नेपथ्य करायला हाताशी हॉलिवूड होतंच. वरून पाहिलं तर शेजारची वस्तीच पुढे सरकत आल्यासारखं दिसायचं. ओळखीच्या वैमानिकांनाही उतरताना बुचकळ्यात पडायला व्हायचं म्हणतात. म्हणजे विमानतळावर घरं चढवण्याचं काम सगळ्यात आधी विमानतळवाल्यांनीच केलं होतं!

आता ‘आधी’ या शब्दाकडे नीट बघू. १९४० च्या घरासमोर जो विमानतळ होता तो पंख्याच्या विमानांचा होता. लिअरजेट हे खासगी जेट पहिल्यांदा उडालं १९६३ मध्ये. त्या पिढीतल्या जेट इंजिनांचा कर्कश आवाज ज्याने ऐकला नाही त्याला समजावणं अवघड. विमानतळ आधी आणि घरं नंतर, हे खरं. घरं आधी आणि जेट नंतर, हेही तितकंच खरं. एक सांगायचं आणि दुसरं गिळायचं, याला इतिहास म्हणत नाहीत. कोर्टानेही ‘तुम्ही नंतर आलात’ एवढ्यावर लोकांना दारातून परत पाठवलं नाही. आवाजाविरुद्ध रहिवाशांनी शहरावरच दावा लावला होता. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये त्यांना उपद्रवाबद्दल दाद मागायची मुभा दिली.

भरभराटीचा विमानतळ मारला

सगळ्यात मोठी गफलत इथे आहे. सँटा मोनिकाची उतरती कळा १९७० च्या दशकातल्या तक्रारअर्जांनी सुरू झाली नाही. ती सुरू झाली १९५८ च्या सुमाराला, आणि त्यामागे जेटच्या आवाजापेक्षा धावपट्टीच्या लांबीचं गणित होतं.

डग्लसला डीसी-८ बनवायचं होतं. हे चार इंजिनांचं प्रवासी जेट. आधीची डीसी-४, डीसी-६, डीसी-७ ही पंख्याची विमानं या धावपट्टीवरून निभावून जायची. डीसी-८ ला ती पुरणं शक्यच नव्हतं. कंपनीने शहराला सांगितलं, धावपट्टी लांबवा. शहराने नकार दिला. नकारासाठी दबाव आणणाऱ्या रहिवाशांत खुद्द डग्लसचे कर्मचारी होते. त्यांची घरं धावपट्टीच्या वाटेत, नाहीतर अगदी तोंडाशी. दिवसा विमान जोडायचं आणि संध्याकाळी नगरपालिकेच्या सभेत त्याच विमानाला धावपट्टी देऊ नका म्हणायचं, अशी ती गत होती. यात ढोंग दिसत असेल तर ज्याचं घर पाडायचं आहे त्याच्या जागी क्षणभर उभं राहून बघावं.

डीसी-८ चं काम पस्तीसेक किलोमीटरवरच्या लाँग बीचला गेलं. ३० मे १९५८ ला ते तिथूनच पहिल्यांदा उडालं. त्याच वर्षी डीसी-७ चं उत्पादन थांबलं आणि सँटा मोनिकात प्रवासी विमानं जोडण्याचं पर्व संपलं. क्षेपणास्त्रांची वगैरे कामं काही काळ चालली. १९६७ मध्ये डग्लस आणि मॅकडॉनेल या विमानकंपन्या एक झाल्या, आणि १९७० च्या दशकाच्या मध्याला कारखान्याचा गाशा गुंडाळला गेला.

ज्या कारणासाठी शहराने विमानतळ अंगाखांद्यावर खेळवला, ते कारणच निघून गेलं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. मागे उरली ती २२७ एकर जमीन, ४,९७३ फुटांची धावपट्टी आणि भोवती दाटीने बसलेली घरं. नियमित प्रवासी विमानसेवेच्या मोठ्या केंद्राची तर इथे गरजही नव्हती. लॉस अँजेलिसचा आंतरराष्ट्रीय विमानतळ सरळ रेषेत नऊएक किलोमीटरवर. तेव्हा उरलेल्या धावपट्टीवर आले ते शिकाऊ वैमानिक, हौशी मंडळी आणि मग हळूहळू धंदेवाईक जेट.

उड्डाणं होती, गर्दी होती, हे कबूल. पण विमानतळाची गर्दी आणि शहराची भरभराट यांचं नातं १९५८ नंतर तुटलं. चाळीस हजार घरांत पगार आणणाऱ्या धावपट्टीचा आवाज सोसणं वेगळं आणि दुसऱ्याच्या शनिवार-रविवारच्या फेरीचा आवाज सोसणं वेगळं. लोकांची सहनशक्ती कमी झाली म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून बघावा.

लोकांनी ओरडून बंद पाडला

ओरडून विमानतळ बंद होत असता तर हा १९७५ मध्येच झाला असता. त्या वर्षी शहराने जेट विमानांवर सरसकट बंदी घातली. १९७९ मध्ये केंद्रीय न्यायालयाने ती रद्द केली. त्याच निकालात रात्रीच्या उड्डाणांवरची बंधनं, आवाजाची मर्यादा, हेलिकॉप्टर प्रशिक्षणावरची बंदी हे सगळं मात्र टिकलं. निकालाचा मथितार्थ असा की आवाज जास्त म्हणून विमान अडवा, जेट आहे म्हणून अडवू नका. एखादं शांत जेट खडखडाटी पंख्याच्या विमानापेक्षा बरं असू शकतं, आणि तर्काने ते चूकही नाही.

शहराला एवढं तरी करता आलं त्याचं कारण ते विमानतळाचं मालक होतं. अमेरिकेत आकाश केंद्र सरकारचं. १९७३ च्या बरबँक विरुद्ध लॉकहीड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की दुसऱ्याच्या विमानतळावर रात्रीची उड्डाणबंदी लादायचा अधिकार गावाला नाही. मालकाला काय करता येईल हा प्रश्न मात्र खुला ठेवला. त्या फटीतून सँटा मोनिकाने जमेल तेवढं करून घेतलं. १९९० च्या विमानतळ-आवाज कायद्याने ती फटही जवळपास बुजवली. जुनी बंधनं राहू दिली, नवी घालायची तर केंद्राच्या चाळणीतून जा. तक्रारदारांच्या हातात काय उरलं? तक्रारवही.

१९८१ मध्ये नगर परिषदेने विमानतळ शक्य तितक्या लवकर बंद करायचा ठराव केला. त्याचं फळ म्हणून १९८४ मध्ये केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाशी, म्हणजे एफएएशी, करार झाला: १ जुलै २०१५ पर्यंत विमानतळ चालू ठेवायचा. बंद करायला निघालेलं शहर एकतीस वर्षं चालू ठेवण्याचं वचन देऊन परतलं.

२००८ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला. विमानांची उतरण्याच्या वेगानुसार वर्गवारी असते. ‘ए’ आणि ‘बी’ म्हणजे १२१ नॉटपेक्षा कमी वेगाची. ‘सी’ आणि ‘डी’ म्हणजे त्याहून वेगवान, साधारण मोठी जेट विमानं. शहराने सी आणि डी बंद केली. कारण दिलं सुरक्षिततेचं, आणि ते पोकळ नव्हतं. धावपट्टीच्या टोकांना थांबू न शकलेल्या विमानासाठी मोकळी जागाच नाही, आणि काही घरं टोकापासून जेमतेम ३०० फुटांवर. तरीही एफएएने बंदी हाणून पाडली आणि २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने एफएएचं म्हणणं उचलून धरलं. चाळीस वर्षं ओरडणाऱ्यांच्या पदरात काय पडलं ते हे असं. यांनी विमानतळाचा गळा घोटला म्हणणं म्हणजे त्यांच्या हाताला नसलेलं बळ चिकटवणं.

मग विमानतळ अडकला कशात? दोन कागदांत.

पहिला कागद १९४८ चा. युद्धकाळात केंद्र सरकारने हा विमानतळ शहराकडून भाडेपट्ट्याने घेतला होता. युद्ध संपल्यावर तो परत करताना एक हस्तांतरणपत्र झालं आणि त्यात अट घातली गेली की जागा विमानतळ म्हणूनच वापरायची, नाहीतर हक्क केंद्राकडे उलटतील. एफएएचं म्हणणं, ही अट कायमची. शहराचं म्हणणं, अहो, जमीन मुळात आमची, तुम्ही भाडेकरू. भाडेकरूने घर सोडताना मालकालाच अटी घालायच्या हा कुठला न्याय? ऐकताना शहराची बाजू पटते. पण सही शहराचीच होती.

दुसरा कागद २००३ चा आणि तो फक्त २,४०,००० डॉलरचा. केंद्राचं विमानतळ अनुदान फुकट नसतं. घेतलं की साधारण वीस वर्षं विमानतळ सगळ्यांना वाजवी अटींवर, भेदभाव न करता खुला ठेवायची हमी द्यावी लागते. शहर म्हणत होतं, मूळ अनुदान १९९४ चं, म्हणून हमी २०१४ ला संपली. एफएए म्हणालं, २००३ मध्ये तुम्ही त्यात वाढीव रक्कम घेतली, म्हणून २०२३ पर्यंत. एवढ्या रकमेत त्या भागात धड एक घर येत नाही, आणि तेवढ्यासाठी २२७ एकरांवरचा निर्णय नऊ वर्षं पुढे ढकलला गेला. छोट्या विमानतळांच्या इतिहासात खरा खलनायक शोधायचाच असेल तर तो इथे, अनुदानाच्या अर्जातल्या शेवटच्या पानावर सापडेल. शेजाऱ्यांच्या दारात जायची गरज नाही.

२०१७ मध्ये बंद दाराआड, एका सहीने

२८ जानेवारी २०१७ ला शहर आणि एफएए यांच्यातला समझोता जाहीर झाला आणि नगर परिषदेत तो चार विरुद्ध तीन मतांनी संमत झाला, हे खरं. वाटाघाटी चालू असताना लोकांना पत्ता नव्हता, हेही खरं. खटल्यातली तडजोड चव्हाट्यावर होत नसते, पण नागरिकांना धक्का बसला तो रास्त होता.

‘एका सहीने’ मात्र साफ खोटं. त्याआधी २०१३ मध्ये शहराने जमिनीच्या मालकीसाठी दावा लावला होता. खालच्या कोर्टाने तो मुदतबाह्य म्हणून २०१४ मध्ये काढून टाकला. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला. आता १९४८ च्या कागदावर खरोखर सुनावणी होणार होती. एफएए हरलं असतं तर देशभरात अशाच युद्धोत्तर कागदांवर चालणाऱ्या विमानतळांचं काय, हा प्रश्न उभा राहिला असता. शहर हरलं असतं तर विमानतळ कायमचा गळ्यात. दोघांनाही आपापल्या पत्त्यांची खात्री नव्हती, म्हणून दोघांनी पत्ते खाली ठेवले. शहराला २०२८ ची तारीख आणि धावपट्टी लगेच आखूड करायची परवानगी मिळाली. एफएएला आणखी जवळजवळ बारा वर्षं चालू राहणारा विमानतळ मिळाला. बंदच करा म्हणणारेही भडकले, चालूच ठेवा म्हणणारेही भडकले. विमानवाल्या संघटना कोर्टात गेल्या, पण त्यांना यश आलं नाही.

एका सहीने, नव्हे, सहीसुद्धा न दाखवता विमानतळ बंद करायचा नमुना बघायचा असेल तर शिकागोला जावं लागेल. तिथला मेग्ज फील्ड, सरोवराकाठचा टुमदार विमानतळ, जुन्या फ्लाइट सिम्युलेटरवर उडायला शिकलेल्या प्रत्येकाचं माहेर. ३० मार्च २००३ च्या मध्यरात्री महापौर रिचर्ड डेली यांच्या आदेशाने बुलडोझर शिरले आणि धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणून ठेवल्या. सोळा विमानं तिथेच अडकली. पुढे त्यांना टॅक्सीवेवरून, म्हणजे धावपट्टीकडे जायच्या अरुंद वाटेवरून, उडावं लागलं. तीस दिवसांची पूर्वसूचना दिली नाही म्हणून शहराला दंड झाला ३३,००० डॉलर. पाडकामाला वापरलेला विमानतळ निधी, दहा लाख डॉलर, परत करायला लागला तो वेगळा. तिथे हे जमलं कारण केंद्राच्या अनुदानाची हमी आडवी येत नव्हती आणि उद्यान मंडळाच्या जागेचा भाडेपट्टाही १९९६ मध्येच संपला होता. सँटा मोनिकाने असली मध्यरात्र कधीच निवडली नाही. तिची गोष्ट म्हणजे चाळीस वर्षांचं भिजत घोंगडं.

श्रीमंतांची खेळणी

हा मुद्दा वरच्या मजकुरात नाही, समोरच्या बाजूच्या मजकुरात असतो. पण एकाचे कान पिळायचे आणि दुसऱ्याचे कुरवाळायचे, हे बरं दिसत नाही.

विमानतळ म्हणजे नटांची पार्किंगची जागा, असं विरोधक सांगतात. मार्च २०१५ मध्ये हॅरिसन फोर्ड यांचं विमान उड्डाणानंतर लगेच शेजारच्या गोल्फ मैदानात कोसळलं, तेव्हापासून तर हे म्हणणं फारच सोपं झालं. पण ते विमानसुद्धा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं उघड्या कॉकपिटचं शिकाऊ विमान होतं. इथे वैमानिक घडवणाऱ्या शाळा होत्या. दूरच्या रुग्णालयात जाणाऱ्या रुग्णांना स्वयंसेवक वैमानिकांमार्फत विनामूल्य नेणारी ‘एंजल फ्लाइट वेस्ट’ ही संस्था १९८३ पासूनची, आणि तिचा संसार याच विमानतळावर. हे सगळं ‘खेळणी’ शब्दात कोंबता येत नाही.

उलट, त्रास फक्त जेटचा आणि छोटी विमानं निष्पाप, हेही खरं नाही. जेटच्या इंधनात शिसं नसतं. शिसं असतं ते पिस्टन इंजिनांच्या पेट्रोलमध्ये. त्याच्या नावातच ‘लो लेड’, म्हणजे कमी शिसं, आहे, पण लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालतं. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल १९९६ मध्ये हद्दपार झालं, विमानांच्या पेट्रोलमध्ये राहिलं. २०२३ मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने विमानांतून बाहेर पडणारं शिसं आरोग्याला घातक असल्याचं अधिकृतपणे ठरवलं. जेटच्या धुराचं वेगळं प्रकरण. लॉस अँजेलिसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच विमानतळाच्या वाऱ्याच्या खालच्या दिशेला हवा मोजली. धावपट्टीपासून १०० मीटरवर अतिसूक्ष्म कण नेहमीपेक्षा सुमारे दहापट होते आणि ६६० मीटरवरही अडीचपट. हे वाचल्यावर ‘थोडा आवाज सहन करायला काय होतं’ म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोलावं. तक्रार फक्त कानाची नव्हती.

आणि अपघात. २९ सप्टेंबर २०१३ ला उतरलेलं एक सेसना सायटेशन जेट धावपट्टी सोडून हँगरवर, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडवर, आदळलं आणि आतले चौघे गेले. विमान विमानतळाच्या कुंपणाआतच राहिलं. घरांच्या दिशेने गेलं असतं तर, हा प्रश्न त्या रात्री सनसेट पार्कमध्ये कुणाला पडला नसेल?

आणखी एक बाजू आहे. दक्षिणेला आणि पूर्वेला विमानतळाची हद्द संपते तिथे लॉस अँजेलिस शहर लागतं. तिथल्या लोकांच्याही डोक्यावरून तीच विमानं जातात, पण सँटा मोनिकाच्या निवडणुकीत त्यांना मत नाही. ‘मतांसाठी नगरपालिका झुकली’ या वाक्यात ही माणसं कुठे बसवायची?

जागा बिल्डरांच्या घशात

इथे मजकूर लिहिणाऱ्याने साधं मतदानाचं कागदपत्र पाहिलं असतं तरी पुरे होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये शहरात दोन प्रस्ताव समोरासमोर आले. ‘डी’ प्रस्तावामागे विमान उद्योगातल्या संघटनांचा पैसा होता. मतदारांना विचारल्याशिवाय विमानतळात बदल नको, अशी त्याची मांडणी. समोर नगर परिषदेचा ‘एलसी’ प्रस्ताव: विमानतळ बंद झाला तर त्या जमिनीवर फक्त उद्यानं, मोकळ्या सार्वजनिक जागा आणि करमणुकीच्या सोयी. दुसरं काही बांधायचं तर आधी मतदारांना विचारा. एलसी जिंकला, डी पडला.

म्हणजे बिल्डरला दार बंद आहे, आणि किल्ली मतदारांकडे. ते दार पुढे कधीच उघडणार नाही असं मी म्हणत नाही. घरांच्या टंचाईने बेजार झालेल्या त्या भागात, निदान थोडी जागा परवडणाऱ्या घरांना द्या अशी मागणी होऊ लागली आहे, आणि ती करणारे सगळे बिल्डरचे हस्तक नाहीत. पण तसं व्हायचं तर पुन्हा मतदान घ्यावं लागेल. ‘अर्थातच’ या शब्दाला इथे काही आधार नाही.

त्यातही एक गंमत राहिली. १९२६ मध्ये शहराने ही जमीन घेतली तेव्हा पैसा आला तो उद्यानांसाठी काढलेल्या कर्जरोख्यांतून.

आता राहिली धावपट्टी. समझोत्याप्रमाणे डिसेंबर २०१७ मध्ये ती दोन्ही टोकांकडून कापून ३,५०० फुटांवर आणली. मोठ्या जेटना ती पुरत नाही, आणि त्यांची वर्दळ कमालीची घटली. १९७५ ची बंदी आणि २००८ ची बंदी यांना जे साधलं नाही ते दीड हजार फूट डांबर कमी केल्याने साधलं. एका पंख्याच्या शिकाऊ सेसना विमानांना मात्र ३,५०० फूट अजूनही भरपूर होतात. २०२८ च्या शेवटच्या संध्याकाळपर्यंत ती उडत राहतील, आणि त्यानंतर त्यांना हँगर, शिक्षक आणि मेकॅनिक घेऊन दुसरीकडे जागा शोधावी लागेल. माझी हळहळ आहे ती त्यांच्यासाठी. फिरणाऱ्या मजकुरात त्यांच्याबद्दल एक ओळ नाही.